शांत पाण्याची बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी बाहेर खाल्लेली भजीसुद्धा लपवू शकत नाही, उंबऱ्यातच पकडला जातो. ही एक गोष्ट मात्र इतकी वर्षं बेमालूम लपवली. कसं जमलं? माझं मलाच नवल वाटतं. बहुधा कुणी विचारलंच नाही म्हणून जमलं असेल. चांगल्या माणसाला कोण कशाला विचारतंय?

चांगला माणूस — सोलापुरात माझी हीच ओळख आहे. लांब समुद्राकाठच्या एका अणुवीज प्रकल्पात मी रसायन प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्त झालो, इथे विजापूर रोडला घर बांधलं, आणि आता आठवड्यातून दोनदा एका इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांना शिकवायला जातो. शिकवतो कसला, गप्पा मारतो. दरवर्षी त्यातला एक तास ठेवणीतला असतो. त्या तासाला मी आमच्या न्यूरल नेटवर्कची गोष्ट सांगतो. रिअॅक्टर थंड ठेवणाऱ्या पाण्यात उद्या किरणोत्सार किती असेल, हे आमच्या नेटवर्कने आदल्या दिवशीच कसं सांगून टाकलं, ही ती गोष्ट. फळ्यावर दोन रेघा काढतो. एक यंत्राने सांगितलेली आणि एक माणसाने प्रत्यक्ष मोजलेली. दोन्ही अगदी बिलगून चालतात. पोरं टाळ्या वाजवतात आणि मी खडूचे हात झटकतो.

यंदा टाळ्यांच्या आधी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या वडिलांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत. ती म्हणाली, "सर, पाणी इतकं शहाण्यासारखं वागतं होय?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो — जरा जास्तच मोठ्याने. काहीतरी उत्तरही दिलं, ते आता आठवत नाही. फळा पुसताना मात्र मानेवरून घाम ओघळत होता, आणि पंखा तर डोक्यावरच होता.

कारण पाणी शहाण्यासारखं वागत नाही. मला ते चांगलं ठाऊक होतं. माझी ती 'प्रत्यक्ष मोजलेली' रेघ खोटी होती, आणि तो खोटेपणा माझा होता.

पण थांबा. एवढंच असतं तर मी कदाचित केव्हाच कुणाजवळ तरी बोललो असतो. हसत हसत सांगितलं असतं, चार लोकांनी शिव्या दिल्या असत्या आणि संपलं असतं. खरी गोष्ट याच्या मागे आहे. तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. लागू द्या.

बसवराजबद्दल आधी सांगायला हवं. बसवराज दुधनीचा. घरी बापजाद्यांपासून तुरीची अडत, घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि भांडण कुठल्या भाषेत करायचं ते समोरचा माणूस बघून ठरवायचं. आम्ही दोघं एकाच वर्षी प्रकल्पात लागलो. तिथे सोलापूरकडचे आम्ही दोघंच. त्याच्या डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी असायची. पहिल्या दिवशी त्याने न विचारता निम्मी भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "खा बे. हितं दुसरं कोण हाय आपलं?" तेव्हापासून आम्ही मित्र. तो बडबड्या होता, चिडका होता, सिनेमाच्या गोष्टी शेवटापासून सांगायचा. त्याची बायको महादेवी मला भाऊजी म्हणायची आणि माझ्या बायकोला बहिणीसारखी धरून होती.

आता कामाचं. रिअॅक्टरमध्ये जी उष्णता तयार होते ती बाहेर काढायला पाणी सतत फिरत असतं. फिरता फिरता ते पाइपांच्या आतला गंज खरवडून घेतं, त्या गंजाचे कण किरणोत्सारी होतात, आणि पाण्याबरोबर सगळीकडे हिंडतात. ते किती आहेत हे रोज सकाळी बाटलीत सॅम्पल घेऊन मोजायचं, हे आमचं काम. एक आठवडा मी, एक आठवडा बसवराज. पाइपावर कायमची बसवलेली यंत्रं वेगळी होती, धोका असता तर ती आधी ओरडली असती. त्यामुळे आमच्या बाटलीवर कुणाचा जीव अवलंबून नव्हता. हे वाक्य मी स्वतःला पुढे किती वेळा ऐकवलं असेल, विचारू नका.

सॅम्पल घ्यायची खोली लहान होती. आत गरम व्हायचं. पांढरे कपडे, दुहेरी हातमोजे, बुटांवर पिशव्या, छातीला किरणोत्सार मोजणारा बिल्ला. नळ सोडला की लगेच बाटली भरायची नाही. आधी बराच वेळ पाणी वाहू द्यायचं — पाइपात अडकलेलं जुनं पाणी जाऊन आजचं पाणी यायला हवं. याला आम्ही फ्लशिंग म्हणायचो. तेवढा वेळ त्या नळाशेजारी नुसतं उभं राहायचं.

आणि मला भीती वाटायची.

बघा, लिहिलं एकदाचं. प्रकल्प पाहायला शाळेची मुलं यायची, आसपासच्या गावांतले लोक यायचे, तेव्हा त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे असायचं. घाबरण्यासारखं काही नाही, सगळं मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, मी स्वतः रोज आत जातो — हे मी इतक्या गोड आवाजात सांगायचो की सरपंच मंडळी माझ्याबरोबर फोटो काढायची. आणि ते सगळं खरंच होतं. मला आकडे पाठ होते. पण त्या नळाशेजारी उभं राहिलं की हातमोज्यात बोटं गार पडायची. भीती आकड्यांना विचारून येते का?

माझी ही गत बसवराजला पहिल्याच महिन्यात कळली. चारचौघांत तो एक शब्द बोलला नाही. एकटा सापडलो की मात्र चिडवायचा. "तुला दोन पोरं झाली की बे. आता काय राखून ठेवायलास?" मग माझ्या आठवड्यातही तोच कपडे चढवायचा. "तू हितं बस. मी जाऊन येतो की." असं कितीतरी महिने चाललं. माझ्या वाटणीची ती गरम खोली त्याने स्वतःच्या अंगावर घेतली, आणि त्याबद्दल माझ्याकडून एक चहासुद्धा वसूल केला नाही. हे लक्षात ठेवा. मी विसरलो, तुम्ही तरी विसरू नका.

पुढे पाळ्या बदलल्या. त्याच्या आठवड्यात मी दुसऱ्या कामावर, माझ्या आठवड्यात तो. आता माझ्या जागी आत जायला कुणी नव्हतं.

पहिले काही दिवस मी गेलो. धीर करून, देवाचं नाव घेत. मग एका सकाळी कपडे चढवले, दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. शिशाच्या कपाटात आधीच्या एका दिवसाची बाटली होती. तो दिवस शांत होता, रिअॅक्टर एका लयीत चाललेला, पाणी स्वच्छ. मी तीच बाटली पुन्हा डिटेक्टरवर ठेवली. मधल्या दिवसांत किरणोत्सार जेवढा कमी झाला असेल तेवढा हिशेबाने परत चढवला, वर-खाली थोडासा फरक केला, म्हणजे जरा खरं दिसावं. आणि तो आकडा आजचा म्हणून संगणकात भरला. वरिष्ठांनी पाहिलं, मान डोलावली.

एकदाच, असं ठरवलं होतं. ठरवतो आपण. ती बाटली मग माझ्या कितीतरी आठवड्यांना पुरली. अगदीच जुनी झाली की मी एखादा शांत दिवस बघून, जीव मुठीत धरून आत जायचो आणि नवी भरून आणायचो. म्हणजे माझ्या आठवड्यांत बाहेर काहीही होवो — पंप बदलो, रिअॅक्टर कमी-जास्त होवो — माझं पाणी आपलं शांत. तळ्यासारखं.

बसवराजचं पाणी मात्र खरं होतं. पंप सुरू झाला की पाइपातला गंज ढवळून निघतो, आकडा एकदम उसळतो. फिल्टर बदलला की खाली येतो. एखाद्या दिवशी काही कारण सापडत नाही तरी उड्या मारतो. त्याच्या आकड्यांना कधीच चैन नसायची, त्याच्या स्वभावासारखी. "आज लई नाचलं बे पाणी," असं सांगत तो जेवायला बसायचा, आणि मी मान खाली घालून भाकरी मोडायचो.

याच सुमाराला न्यूरल नेटवर्कची टूम निघाली. संशोधन विभागातून एक साहेब आले — हुशार, सज्जन, कामात बुडालेले. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं: यंत्राला काही वर्षांचे आकडे दाखवायचे. रिअॅक्टर किती ताकदीने चालू होता, पाणी किती गरम होतं, कुठले पंप सुरू होते, काल सॅम्पल किती आलं. त्यावरून आजचा आकडा किती हे ओळखायला लावायचं. चुकलं की त्याचा कान पिळायचा, पुन्हा ओळखायला लावायचं. असं हजारो वेळा केलं की ते स्वतःच ओळखायला शिकतं. मला ऐकून फार आनंद झाला. खरंच झाला! ते दाखवायचे आकडे कुठून येणार हे डोक्यात शिरायला मला दोन-तीन दिवस लागले. शिरलं तेव्हा मी संडासात जाऊन बसलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

तेव्हा बोलता आलं असतं. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच असायचं. "साहेब, निम्मे आकडे माझे आहेत, त्यातले बरेच फेका" — संपलं. नोकरी गेली असती? कदाचित. बदनामी? नक्की. मी गेलो नाही.

यंत्र शिकलं. माझे आठवडे ते असे अचूक ओळखायला लागलं की साहेब खुर्चीतून उठून उभे राहायचे. फळ्यावर मी काढतो त्या रेघा याच आठवड्यांच्या. का नाही ओळखणार? कालचंच पाणी आज, आजचंच उद्या. बसवराजच्या आठवड्यात मात्र ते सपशेल गडबडायचं. त्याला पंपाचा आणि उसळीचा संबंध लागणार कसा? निम्म्या वेळी पंप सुरू व्हायचा आणि माझं पाणी ढिम्म हलायचं नाही. यंत्र बिचारं प्रामाणिक. त्याला मी फसवलं होतं.

साहेबांनी तक्ता काढला. कुणाच्या आठवड्यात यंत्र किती चुकतं. आणि मग त्यांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या जागी कुणीही काढला असता: एका माणसाचे आकडे यंत्राशी तंतोतंत जुळतात, म्हणजे पाणी ओळखता येण्यासारखं आहे. मग दुसऱ्याचे जुळत नसतील तर तो माणूस मोजण्यात चुकतो आहे.

आता मी त्या बैठकीपाशी आलो. मघापासून हिच्याभोवती घिरट्या घालतोय, तुमच्या लक्षात आलं असेलच.

दुपारची बैठक होती. साहेब, आमचे विभागप्रमुख आणि मी. बसवराज नव्हता, त्याची पाळी होती. चहा झाला. मग प्रमुखांनी मला सहज विचारलं, तुम्ही त्याला ओळखता, तुमच्याच भागातला आहे, त्याच्या सॅम्पलमध्ये एवढा गोंधळ का असतो? कुणी मला धमकावलं नव्हतं. कुणी माझ्यावर संशयही घेतला नव्हता. "माहीत नाही" एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, आता हे खोदायला लागले तर माझ्यापर्यंत येतील. आणि मी म्हणालो —

मी म्हणालो, "माणूस चांगला आहे साहेब. पण जरा घाई करतो. फ्लशिंग पुरतं करत नाही कधी कधी."

म्हणजे जे काम मी भीतीपोटी टाळत होतो, ते तो टाळतो असं मी सांगितलं. जो माणूस माझ्या वाटणीचा त्या नळाशेजारी उभा राहिला होता, त्याच्याबद्दल. आणि वर "माणूस चांगला आहे" असं म्हणालो. ते तर मला सगळ्यात जास्त बोचतं.

त्याला काढून टाकलं नाही. प्रयोगशाळेतून हलवलं, भांडार विभागात. कागदावर साधी बदली. पण कारण सगळ्यांना कळलं, त्यालाही. आणि इथे संपलं असं तुम्हाला वाटत असेल तर नाही. अजून एक पायरी आहे, आणि ती मी स्वतःच्या पायाने उतरलो.

बदलीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तो शांत होता. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. बायको चहा ठेवायला आत गेली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "खरं सांग बे. मी फ्लशिंग कमी करतो का? मला तर वाटतं मी पुरतं करतो. पण माणसाला सोताचं कळत न्हाय. तू बघितलंयस मला. सांग."

त्याच्या तोंडावर तरी खरं बोलायचं होतं. नाही का? निदान "मला तसं वाटत नाही" एवढं. पण बैठकीत एक बोललो होतो, आता दुसरं बोललो तर दोन्ही गोष्टी कधीतरी समोरासमोर येतील, असा माझा हिशेब. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "करतोस कधी कधी."

तो हाताच्या तळव्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "तू म्हणतोस म्हणजे असंल."

चहा पिऊन गेला. जाताना माझ्या धाकट्याच्या डोक्यावर टप्पल मारली, नेहमीसारखी.

ते नेटवर्क पुढे टिकलं नाही, हेही सांगून टाकतो. बसवराजच्या जागी एक नवा मुलगा आला, त्याचं पाणीही नाचायला लागलं. पुन्हा तोच घोळ. मग साहेबांची बदली झाली, कुणीतरी म्हणालं हे यंत्र जुनं झालं, आणि ते बाजूला पडलं. बसवराजला परत बोलवावं असं मात्र कुणाला सुचलं नाही. ज्याला सुचायला हवं होतं तो गप्प होता. बसवराजने लवकरच नोकरी सोडली आणि दुधनीला भावाच्या अडतीवर जाऊन बसला. आणि मी? माझी त्या नळाची भीती हळूहळू गेली, मग मी नीट सॅम्पल घ्यायला लागलो. चांगला तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात माझ्या अचूकपणाचं कौतुक झालं.

आमची मैत्री तुटली नाही. तीही एक शिक्षाच म्हणा. मी सोलापूरला आल्यावर तो अधूनमधून यायचा, तुरीची डाळ आणायचा, महादेवीवहिनी शेंगाचटणी पाठवायच्या. एक गोष्ट माझ्या नजरेत यायची आणि मी नजर वळवायचो. अडतीवर तुरीचा ओलावा मोजायचं छोटं यंत्र असतं. ते बसवराज कधी हातात घेत नसे. भावाला बोलवायचा, नाहीतर हमालाला. "माझा हात कच्चा हाय," असं सगळ्यांसमोर हसत सांगायचा. लोकही हसायचे. रिअॅक्टरचं पाणी मोजलेला माणूस तुरीच्या पोत्याला भितो, म्हणून.

आता या वर्षीचं. वर्गातल्या त्या मुलीने तो प्रश्न विचारला त्याच आठवड्यात बसवराजचा फोन आला. महादेवीवहिनींना सोलापुरात दवाखान्यात ठेवलं होतं. मी डबा घेऊन गेलो. त्यांना शुगर आहे हे माहीत होतं, घरात मोजायचं मशीन आहे हेही. वहिनी शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, धोका टळला होता. बसवराज बाहेर बाकावर बसला होता. त्याने मला काय झालं ते सांगितलं, आणि मी ते त्याच्याच शब्दांत सांगतो.

"सकाळी म्हणाली, घाम यायलाय, हातपाय थरथरायलेत. मशीन काढलं, बोट टोचलं. आकडा लई कमी आला. मला वाटलं, माझंच चुकलं. परत टोचलं. परत तसाच. म्हटलं, माझ्या हाताचं काय खरं न्हाय, कंपाउंडरला आणावं. त्येला घेऊन येतोय तर ही खाली पडलेली." मग थोडं थांबून म्हणाला, "डबा समोरच होता बे. साखरेचा."

म्हणजे समजलं ना तुम्हाला? यंत्राने बरोबर दाखवलं होतं. दोनदा दाखवलं होतं. चिमूटभर साखर वहिनींच्या तोंडात टाकायची, एवढंच करायचं होतं. त्याने स्वतःच्या हातावर विश्वास ठेवला नाही. आणि तो विश्वास कुणी काढून घेतला होता?

मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "अरे, तुझा हात चांगला आहे. तुझ्याइतकं नीट मोजणारा मी दुसरा पाहिला नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. समजूत घालणाऱ्या मित्राकडे बघावं तसंच तो बघत होता. म्हणाला, "आसं कसं? तूच तर म्हणाला होतास की."

दवाखान्यातून घरी कसा आलो ते सांगत नाही. एवढं मात्र कळलं की माझ्या शंभर कौतुकांनी त्याचा हात त्याला परत मिळणार नाही. मी का खोटं बोललो होतो ते त्याला कळल्याशिवाय, मी आता खरं बोलतोय हे त्याला पटणार कसं? म्हणून हे लिहायला बसलो. समोर उभं राहून बोलायला गेलो तर मी पुन्हा दारातून परत फिरेन. मला मी ओळखतो.

तुम्हाला मित्र समजून सांगतोय खरं, पण हे आधी तुम्ही ऐकायचं नाही. आधी तो. वहिनी घरी गेल्या की दुधनीला जायचं आणि हे सगळं त्याला वाचून दाखवायचं, असं ठरवलं आहे. तुमच्या हातात हे आलं असेल तर मी गेलो होतो असं समजा.

———

गेलो.

सकाळची गाडी होती. तो सोप्यात खाटेवर बसला होता, वहिनी आत स्वयंपाकघरात. मी म्हणालो, काही लिहिलंय, वाचून दाखवतो, मधे बोलू नकोस. तो हसला. "गोष्ट लिवलास व्हय? वाच की." भाकरी मोडून दिल्याचं आलं तेव्हाही हसला. माझ्या भीतीचं आलं तेव्हा मान हलवली. बाटलीचं वाचलं तेव्हा त्याने पाय खाली सोडले आणि जमिनीवर टेकवले. बैठकीचं पान आलं तेव्हा मी थांबलो. मी पाणी मागितलं नाही. पुढे वाचलं, शेवटपर्यंत.

मी कागदांची घडी केली. मग त्याने विचारलं, "दिवाळीच्या आदी, पंप बदलल्यावरचं माझं सॅम्पल. ज्याच्यावरनं मला लई बोलले. त्ये?"

"खरं होतं."

"आन् फ्लशिंग?"

"तू कधीच कमी केलं नाहीस. एकदाही नाही."

तो उठला. मला वाटलं माझ्याकडे येतोय, मी तयार होतो. तो माझ्या बाजूने पुढे गेला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. माझ्याकडे पाठ होती. आत बघून त्याने कन्नडमध्ये एवढंच सांगितलं, "महादेवी, नंद सरी इत्तंत." त्याच्याबरोबर इतकी वर्षं काढली, एवढं कन्नड मला येतं. माझं बरोबर होतं म्हणे.

वहिनी हात पुसत दारात आल्या. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या कागदांकडे. कुणी मला बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. बसवराजने फळीवरचं शुगरचं मशीन काढलं. वहिनींना खाटेवर बसवलं, माझ्या समोरच. बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. हात जरासाही हलला नाही.

आकडा आला. तो त्याने मोठ्याने वाचला, पट्टी टाकून दिली आणि मशीन डबीत ठेवून झाकण लावलं. दुसऱ्यांदा मोजलं नाही.

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.